तांडेलबाईंची लाकडी मूठ

तांडेलबाई गेल्या तेव्हा लोकांनी सांत्वन केलं ते माझ्या धाकट्या जावेचं. शीव कोळीवाड्यातल्या त्यांच्या घरासमोर आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो. प्राजक्ता हुंदके देत होती, नाक लालभडक झालं होतं, आणि आमच्या नेमबाजी क्लबातला जो येईल तो तिच्या पाठीवरून हात फिरवून, तुझ्यावर फार जीव होता गं बाईंचा, असं म्हणून पुढे जात होता. मला चारचौघांत रडता येत नाही. मी कोरड्या डोळ्यांनी उभी, म्हणून एकाने प्राजक्ताची पाण्याची बाटली माझ्याकडे धरायला दिली. ती मी धरली. पण मनात एकच गोष्ट ठणकत होती, की तांडेलबाई आधी मला भेटल्या होत्या, आणि हे इथे कोणालाच आठवत नाही.

म्हणून आता मीच लिहिते.

सुरुवात माझ्या हातापासून करावी लागेल, कारण बाईंनीही तिथूनच केली. माझा पंजा मोठा आहे. माझ्या लग्नात चुडा भरायला आलेल्या कासारणीने तो दाबून बघितला आणि भरल्या मांडवात जाहीर केलं की या मापाचा चुडा पेटीत नाही, लालबागहून मागवावा लागेल. सासरच्या बायका पदराआड हसल्या. पुढे धाकट्या दिराच्या लग्नात तीच कासारीण आली. प्राजक्ताच्या मनगटावर बांगड्या सर्रकन उतरवत म्हणाली, हात कसा लोण्याचा आहे पोरीचा. मी तेव्हा हळदीकुंकवाचं ताट धरून मागे उभी होते. ताट धरायला मला नेहमी बोलावतात.

आम्ही करी रोडला राहतो. गिरणीच्या काळातली चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात एकाच मजल्यावर दोघा भावांची दोन घरं. सासूबाई मधल्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून दोन्हीकडे लक्ष ठेवतात. मी परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात कामाला. संध्याकाळी चालत घरी येताना एका बंद गिरणीच्या आवारावरून जावं लागतं. त्या आवारात एक जुनं गोदाम शिल्लक आहे आणि त्या गोदामात आमचा क्लब. ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर मी पहिल्यांदा तिथे गेले ती केवळ गंमत म्हणून. मैत्रीण आवाजाला घाबरून पळाली. मी थांबले, कारण प्लास्टिकच्या स्टुलावर उलटी बसलेली एक बाई माझ्या हाताकडे बघत होती.

त्या तांडेलबाई. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या, खात्याच्या संघातून अर्धं आयुष्य पिस्तुलाच्या स्पर्धा खेळलेल्या. अंगात ट्रॅकपँट, वर क्लबचा टी-शर्ट आणि अंबाड्यावर अबोलीची भरगच्च वेणी. वेणीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही. कानावर आवाज अडवणारी मोठी कानझाकणं चढवताना वेणी चुरगळायची, तर त्यांनी त्यांची वरची पट्टी मानेमागून नेण्याची युक्ती काढली होती. वेणी म्हणजे वेणी, त्यात तडजोड नव्हती.

त्यांनी माझा पंजा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याच्या बेचक्यात बोट दाबलं आणि म्हणाल्या, "या हाताला पिस्तूल शोभंल गो."

माझ्या हाताला काही शोभतं, असं तोपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सभासद झाले.

बाईंची शिकवण्याची पद्धत विचित्र होती. त्या लक्ष्याकडे कधी बघायच्याच नाहीत. गोळी कुठे लागली हे कागद सांगतो, तो नंतर बघू, असं म्हणायच्या आणि मारणाऱ्याच्या कोपराकडे, जबड्याकडे, पापण्यांकडे टक लावून बसायच्या. कौतुकाचा एकच शब्द होता, "चालतंय." त्याच्या पुढे कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. स्टुलाच्या पायाशी एक स्टीलचा डबा असायचा आणि त्यात तळलेले बोंबील. हे बोंबील ज्याची त्या दिवशी वाट लागली असेल त्यालाच मिळत. ज्याचं नीट झालं त्याने घरी जाऊन जेवावं. मी बऱ्यापैकी मारत होते. त्यामुळे माझ्या वाट्याला वास यायचा, बोंबील नाही.

शिवाय त्यांच्याकडे ती मूठ होती. स्पर्धेचे नेमबाज पिस्तुलाची मूठ आपापल्या पंजाच्या मापाने लाकडात कोरून घेतात. पिस्तूल क्लबचं, ते क्लबच्याच तिजोरीत राहतं. पण मूठ स्क्रूने बसते आणि निघते, ती माणूस आपल्याबरोबर नेऊ शकतो. बाईंची मूठ त्यांच्या होड्या बांधणाऱ्या भावाने सागाच्या उरलेल्या फळीतून कोरली होती. इतक्या वर्षांत बोटं जिथे टेकतात तिथे लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं. कापडी बटव्यात घालून त्या ती रोज आणायच्या आणि रोज घरी न्यायच्या. पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला आणि मारणं बंद झालं, तरी बटवा यायचाच. ती मूठ कधीतरी आपल्याला मिळावी असं मला वाटायचं. नुसतं वाटायचं नाही, मी ती मनातल्या मनात माझ्या नावावर करून टाकली होती. बाईंच्या सगळ्यात जुन्या शिष्यांतली मी, दुसरं कोणाला देणार?

आता थोडं गोळ्यांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे दोन जातीची पिस्तुलं, पॉइंट टू-टू आणि पॉइंट थ्री-टू. आकडा गोळीच्या जाडीचा. बाई सरळ बावीस आणि बत्तीस म्हणायच्या. बावीसची गोळी बारीक, सुटली की हाताला टिचकी मारल्यासारखं होतं. बत्तीस हात ढकलते. आणि त्याआधी हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल, त्याला धक्का जवळपास नाहीच. नव्या माणसाला काय द्यायचं हा बाईंच्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. त्या म्हणायच्या, पाहुण्याला जेवायला बसवलं की आधी बघायचं काटा काढता येतो का, मग ठरवायचं सुरमई वाढायची की मांदेली.

मला त्यांनी हवेच्या पिस्तुलावर थोडेच दिवस ठेवलं, मग बावीस, आणि बाकीचे अजून बावीसवर चाचपडत असताना माझ्या हातात बत्तीस. क्लबच्या वार्षिक स्पर्धेत बत्तीसचा एक खुला प्रकार असायचा, त्यात बाई-पुरुष भेद नसे. त्यात मी एकटी बाई. माझा हात बघून बाई इतरांना सांगायच्या, हिला धक्का लागत नाय, हिचा हात खांबासारखा. मी ते ऐकायचे आणि ताठ व्हायचे. घरी गेल्यावर मनगटाला बाम चोळून क्रेप बँडेज गुंडाळायचे आणि त्यावर पूर्ण बाह्यांचा गाऊन घालायचे. मनगट दुखतं हे मी बाईंना सांगितलं नाही. खांबाचं मनगट दुखत नसतं.

एका संध्याकाळी मी क्लबला निघाले होते. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "तिका पण घेवन जा गो तुझ्याबरोबर. घराक बसान कंटाळता ती."

ती म्हणजे प्राजक्ता. तिची नोकरी नुकतीच सुटली होती. सासूबाईंच्या शब्दाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी तोंडभर हसून चल म्हटलं. घरात फ्रीजपासून गॅलरीपर्यंत सगळं दोघींचं होतं, तेवढं एक गोदाम माझं एकटीचं होतं.

त्या दिवशी तांडेलबाई नेमक्या पुतण्याच्या हळदीला गेल्या होत्या. क्लबचे सेक्रेटरी कर्णिक होते. मनाने चांगला माणूस, पण प्रत्येक गोष्टीत एक मत तयार. त्यांचं मत असं की बाईला छोटं पिस्तूल द्यावं. त्यासाठी क्लबात एक हलकं, आखूड बत्तीस होतं, त्याला ते कौतुकाने लेडीज पिस्तूल म्हणायचे. ते त्यांनी प्राजक्ताच्या लोण्याच्या हातात दिलं. पहिल्याच गोळीला पिस्तूल वर उसळलं, वरचा सरकता भाग मागे आला आणि तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात चीर पडली. तिने पिस्तूल टेबलावर टाकलं, कान दाबले आणि खाली बसून रडायला लागली. मी रुमाल बांधला, पाणी दिलं. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं. आता ही परत येणार नाही, असं मनात म्हणत मी तिला टॅक्सीत घातलं.

पण हळदीहून परतलेल्या बाईंना कोणीतरी सांगितलं. त्यांचे तळहात अजून पिवळे होते. त्यांनी कर्णिकांना बाहेर बोलावलं आणि काय बोलल्या ते आत सगळ्यांना ऐकू आलं. साहेब, लहान पोराला लहान होडी देऊन दर्यात सोडाल काय, असं त्यांनी विचारलं. हलकी होडी जास्त हलते, हलकं पिस्तूल जास्त लाथ मारतं. हात लहान असंल, भिणारा असंल, तर पिस्तूल जड द्यायचं आणि गोळी बारीक द्यायची. लोखंड धक्का गिळतं, हाताला थोडाच उरतो. ही चूक सगळे पुरुष करतात, नवरे तर हमखास करतात, असंही त्यांनी वर जोडलं. कर्णिकांनी ते लेडीज पिस्तूल तिजोरीत तळाला ठेवून दिलं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "उद्या तिला घेऊन ये."

मी म्हटलं, ती आता नाही यायची, बाई, फार घाबरली आहे. बाई म्हणाल्या, म्हणून तर.

ती आली. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं, स्वतः खाली लादीवर बसल्या आणि विचारलं, "काय लागतं तुला? हाताला की कानाला?"

प्राजक्ता म्हणाली, "कानाला, मावशी. हात तर आवाजाच्या आधीच उडतो."

मी आधी मॅडम म्हणत होते, तिथून बाईवर यायलाच मला सहा महिने लागले होते. ही दुसऱ्या दिवशी मावशी म्हणून मोकळी झाली. आणि बाई हसल्या. त्या हसू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे कित्येक दिवस प्राजक्ताच्या हातात भरलेलं पिस्तूल आलंच नाही. बाईंनी तिच्या कानात कापसाचे बोळे घातले, त्यावर कानझाकणं चढवली आणि नुसतं दुसऱ्यांच्या मागे उभं केलं, आवाज अंगवळणी पडेपर्यंत. मग रिकामं पिस्तूल. नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप ओढायचा. मग हवेचं पिस्तूल. मग क्लबातलं सगळ्यात जड बावीस, आणि त्यातही सुरुवातीला एका वेळी एकच गोळी, म्हणजे दुसरीची धास्ती नको. बाई तिच्या मागे उभ्या राहून मनगटाखाली आपला थरथरता तळवा धरायच्या. नेम चुकला की डबा उघडायचा. प्राजक्ताचे नेम तेव्हा रोज चुकत होते. ती रोज बोंबील खायची, बोटं चाटायची आणि घरी येऊन सासूबाईंना सांगायची, मावशींच्या हातचे बोंबील काय असतात.

मी शेजारच्या खिडकीत, म्हणजे नेम धरायला उभं राहायच्या कप्प्यात, बत्तीस मारत असायचे. गोळ्या काळ्या वर्तुळात लागत होत्या. कोणी बघत नव्हतं.

एकदा मी मुद्दाम वाईट मारलं. हे सांगायला मला लाज वाटत नाही, बोंबील ही काही लहान गोष्ट नव्हे. बाईंनी माझ्या कोपराकडे बघितलं, डब्याला हातही लावला नाही आणि म्हणाल्या, आज लक्ष नाय तुझं, घरी जा. खोटं वाईट आणि खरं वाईट त्यांना कळायचं.

आणि मग तो दिवस आला. प्राजक्ता तक्रार करत होती की पिस्तुलाची मूठ बोटांत भरत नाही, खाली घसरते. बाईंनी बटवा काढला. स्क्रू फिरवून क्लबची मूठ उतरवली आणि स्वतःची चढवली. प्राजक्ताने हातात घेतली. ती बसली. अशी बसली की जणू त्या होडीवाल्या भावाने हिचाच हात समोर ठेवून कोरली असावी. बाईंचा हात लहान होता, हिचा लहान होता, यात नवल काही नाही. पण बाई म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडेच."

त्या संध्याकाळी घरी प्राजक्ताने ती मूठ सगळ्यांना दाखवली. माझ्या नवऱ्याने ती तेवढ्यापुरती बघितली, दिराने फोटो काढला. सासूबाईंनी ती हातात घेऊन कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "हातात कला आसा गो हिच्या." मी सिंकशी उभी राहून कुकर घासत होते. मला राग बाईंचा जास्त आला होता की प्राजक्ताचा, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण कुकर त्या दिवशी नव्यासारखा निघाला.

प्राजक्ता वाईट असती तर सोपं झालं असतं. ती नव्हती. माझ्यासाठी खिडकी धरून ठेवायची, माझ्या लक्ष्याचे कागद जपून आणायची, वहिनी काय मारते म्हणून सगळ्यांना सांगायची. त्यामुळे मला धड भांडताही येत नव्हतं.

वार्षिक स्पर्धा जवळ आली. कोणी कशात उतरायचं हे बाई ठरवत. स्पर्धेआधी त्या प्रत्येकाची एक परीक्षा घ्यायच्या. पिस्तुलात बसणारं गोळ्यांचं मॅगझिन स्वतः भरायच्या, पाठ करून, आणि त्यात मधेच कुठेतरी एक मुकं काडतूस घालायच्या. मुकं म्हणजे बारूद नसलेलं, दिसायला आणि वजनाला अगदी खऱ्यासारखं. मारणाऱ्याला माहीत नसतं ते कधी येणार. चाप ओढला आणि नुसतं टक् झालं की आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही. ज्याच्या मनात भीती नाही त्याचं पिस्तूल जागच्या जागी राहतं. ज्याच्या मनात आहे, त्याचा हात येणार नसलेल्या धक्क्याला घाबरून नळी खाली दाबतो, आणि ते सगळ्या जगाला दिसतं. ही परीक्षा बाईंनी माझी कधी घेतली नव्हती. खांबाची परीक्षा काय घ्यायची?

त्या वर्षी त्यांनी घेतली. माझं मनगट दुखतं हे प्राजक्तानेच सांगितलं असणार, कारण गाऊनच्या बाहीतलं बँडेज तिने एकदा पाहिलं होतं.

पहिल्या दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्याला टक् झालं. आणि माझा खांबासारखा हात, सगळ्यांच्या देखत, नळी घेऊन खाली वाकला. नुसता वाकला नाही, मानही आत गेली आणि डोळे मिटले. मागे प्राजक्ता उभी होती. कर्णिक होते.

"परत मार," बाई म्हणाल्या.

पुढची सुटली. त्यापुढची परत मुकी. परत तेच.

बाईंनी पुढे येऊन पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं, रिकामं करून टेबलावर ठेवलं. माझी बाही वर सरकवून, हल्ली क्लबातही गुंडाळलेलं असायचं ते बँडेज बघितलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाय?"

मला ओरडायचं नव्हतं. पण इतके दिवस साठलेलं बाहेर आलं. "तुम्ही विचारलं नाहीत. तिला विचारलंत, हाताला लागतं की कानाला. मला कधी विचारलं नाहीत."

बाईंनी माझा पंजा धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसाच, आणि बेचक्यात बोट दाबलं. मी कळवळले. त्या म्हणाल्या, "हात बघून मी धरून चालले. मोठा हात, म्हटलं लागत नसंल." मग स्टुलाजवळ जाऊन डबा उघडला. "खा."

मी बोंबील खाल्ले. त्यात मसाला बराच होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं.

माझं बत्तीस त्यांनी बंद केलं. स्पर्धेत ज्या एका प्रकारात मी सगळ्यांच्या पुढे उभी राहणार होते त्यातून नाव गेलं आणि मला नवशिक्यांबरोबर बावीसवर उतरवलं. क्लबची मूठ माझ्या पंजात रुतत होती. मी मधेच कुठेतरी राहिले. प्राजक्ता बाईंची मूठ लावून माझ्या बरीच पुढे गेली आणि तिला बक्षिसाचा पेला मिळाला. तो पेला सासूबाईंनी टीव्हीच्या बाजूला मांडला. रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या पेल्यालाही उदबत्ती ओवाळायच्या. मी अभिनंदनाचे पेढे आणले आणि स्वतः एकही खाल्ला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी बाईंचा फोन आला. त्यांनी क्लबात येणं बंद केलं होतं, हाताचा कंप वाढला होता. म्हणाल्या, रविवारी घरी ये. आणि फोन ठेवताना म्हणाल्या, "एकटी ये."

तो एकटी शब्द मी रविवारपर्यंत पुरवून पुरवून वापरला.

शीव कोळीवाड्यात त्यांचं घर गल्लीच्या आत, उंबरठ्याला निळा रंग. बाई पायरीवर बसल्या होत्या. अबोलीची वेणी होती. मांडीवर जुना टॉवेल, त्यावर भावाची कानस, आणि शेजारी ती मूठ.

"प्राजक्ताकडून घेतलीत?" मी विचारलं.

"मागितली. रडली. मग दिली." बाईंनी पावडरचा डबा पुढे केला. "हाताला लाव. सगळीकडे."

मी तळहात पावडरीने पांढरा केला. त्यांनी मूठ माझ्या हातात दिली आणि घट्ट दाबायला सांगितलं. मग काढून बघितलं. जिथे जिथे माझा पंजा अडत होता तिथे लाकडावर पांढरे डाग उठले होते. बाईंनी मूठ दोन गुडघ्यांत धरली, कोपरं मांड्यांवर टेकवली आणि त्या डागांवर कानस चालवायला लागल्या. हात थरथरत होते. कानस घसरायची, त्या थांबायच्या, परत जागेवर आणायच्या. मी म्हटलं, मी करते, त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. परत पावडर, परत दाब, परत डाग. लाकडाचा भुसा टॉवेलवर पडत होता. त्यांच्या बोटांनी इतक्या वर्षांत काळे केलेले खळगे एकेक करून जात होते आणि खालचं पिवळं लाकूड उघडं पडत होतं.

मला राहवलं नाही. "बाई, तुमच्या खुणा चालल्या."

"जाऊ दे. मला काय आता नेम धरायचाय?"

"आणि प्राजक्ता?"

"तिला आता कसली पण मूठ चालंल. तिची भीती गेली." कानस थांबली. "तुझी जायचीय."

मी म्हणाले, मला भीती नाही. बाई म्हणाल्या, नाय तर नाय, आणि परत घासायला लागल्या.

ऊन पायरीवरून उतरेपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. शेवटी पावडर लावून दाबलं तर सगळा पंजा एकसारखा उमटला, कुठे अडलं नाही. मोठा हात, पहिल्यांदाच कुठेतरी पुरता मावला. बाईंनी मूठ पुसली आणि सवयीने स्वतःच्या हातात घेतली. ती हलली. त्यांनी बोटं आवळली, तरी हलली. मग त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"आता कोणाला बसायची नाय. मला नाय, धाकटीला पण नाय. तुलाच."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. त्यांनी दिली म्हणून जेवढा आनंद झाला, त्याहून जास्त प्राजक्ताला बसणार नाही म्हणून झाला. घरी गेल्या गेल्या मी ती तिच्या हातात ठेवली. तिने दाबून बघितलं आणि म्हणाली, "सैल होते, वहिनी." मी म्हटलं, असेल.

पण ते घरी गेल्यावर. त्या संध्याकाळी गल्लीच्या टोकाला पोचल्यावर मी मागे वळून बघितलं. बाई अजून पायरीवरच होत्या. डाव्या हाताने मांडीवरचा भुसा टॉवेलात गोळा करत होत्या. उजवा हात गुडघ्यावर होता, बोटं अर्धी वळलेली, अंगठा वर, मधे काहीच नसताना काहीतरी धरल्यासारखा, आणि तेवढा एक हात तेव्हा थरथरत नव्हता.

त्यांना मी पाहिलं ते शेवटचं. त्यानंतर एकदम त्यांच्या दारात, प्राजक्ताची बाटली धरून. लोक तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, तुझ्यावर फार जीव होता म्हणत होते. मी मोकळा हात पर्समध्ये घातला. आत मूठ होती. मी ती धरली, आणि लोकांना म्हणायचं ते म्हणू दिलं.